वेल्सची हिरवी वाट

जेवणं आटोपली असतील, काहींची भांडी अजून व्हायची असतील. हात चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला सायकलवर बसवून लांब नेणार आहोत. ब्रिटनच्या पश्चिम कडेला वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे, तिथे.

आधी खरं सांगतो. आम्ही वेल्सला गेलेलो नाही. आमच्या गटातल्या एका ताईंची पुतणी कार्डिफला शिकायला आहे. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. महिन्याच्या बचत बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर ताईंनी तिचे फोटो दाखवले. पोरगी सायकलवर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, आपल्याकडे दूधवाल्याच्या किटल्या असतात तशा. एका मावशींनी विचारलं, "कुठं निघाली ही?" ताई म्हणाल्या, "कुठं नाही, फिरायला." मावशी म्हणाल्या, "काही काम नसताना?" सगळ्या हसलो, पण तो प्रश्न काही आमच्या डोक्यातून गेला नाही. मग आम्ही पुतणीकडून नकाशा मागवला, दिसेल ते वाचून काढलं. त्यातलं आज सांगतो.

वेल्समध्ये दक्षिणेच्या कार्डिफपासून उत्तरेच्या हॉलिहेड बंदरापर्यंत सायकलचा एक लांब मार्ग आहे, सुमारे ४०० किलोमीटरचा. त्याचं नाव लोन लास कुमरी. कुमरी म्हणजे वेल्स, लोन म्हणजे वाट. लास हा शब्द निळ्यालाही चालतो आणि गवताच्या हिरव्यालाही. म्हणून आम्ही तिला वेल्सची हिरवी वाट म्हणतो. ब्रिटनभर सायकलमार्गांचं जाळं आहे, त्यातलाच हा एक. निळ्या पाटीवर छोट्या लाल चौकोनात मार्गाचा आकडा असतो, तो बघत जायचं.

आता ऐका, ही वाट बनली कशी. नवा रस्ता फारसा खणलाच नाही. जुन्या कोळशाच्या खाणींच्या रेल्वे बंद पडल्या, रूळ उखडले, पण खालचा भराव तसाच राहिला. कालव्याच्या काठाची पायवाट होती, जंगल खात्याचे कच्चे रस्ते होते, दोन शेतांमधल्या अरुंद गल्ल्या होत्या. हे सगळं एकमेकांना जोडलं. रेल्वेला खडा चढ चालत नाही, त्यामुळे रुळाच्या जागी झालेली वाट सपाट असते. नवशिकी बाईसुद्धा तिथे न धापता जाते.

सुरुवातीचा तुकडा टॅफ नदीच्या काठाने कार्डिफहून ब्रेकन गावाला जातो. तो साधारण ८८ किलोमीटर. ही सगळी खाणींची दरी. इथला कोळसा कार्डिफ बंदरातून जगभर गेला. आज तिथे झाडी आहे, पाणी वाहतं, पोरं सायकली घेऊन येतात. पण वाटेवर अबरव्हॅन गाव लागतं. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरला आणि गावातल्या शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. त्या वाटेने जाणारे तिथल्या बागेत थांबतात. आम्ही हे वाचलं तेव्हा बैठकीत कोणी बोललं नाही. सायकलवाल्याला दरी सुंदर दिसते, पण तिथे कोणाची लेकरं गेली हेही कळायला हवं.

ब्रेकनच्या पुढे खरा डोंगराळ भाग. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना दगडी बांध नाहीतर झुडपांचं कुंपण, आणि मेंढ्या. त्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त. रस्त्यात मध्येच लोखंडी गजांची जाळी असते, जनावराने ओलांडू नये म्हणून. तिच्यावरून सायकल सरळ धरून न्यायची, वळवायची नाही, नाहीतर चाक घसरतं. शेताचं फाटक उघडलं तर आपल्या हाताने परत लावायचं. हा नियम आपल्याला कोणी शिकवायला नको.

रेयडर नावाच्या छोट्या गावावरून एलान दरीत जायला फाटा आहे. तिथे जुन्या रेल्वेच्या जागी साधारण १४ किलोमीटरची वाट केली आहे. ती रेल्वे धरणाचे दगड वाहण्यासाठी बांधली होती. १८९३ ला काम सुरू झालं, १९०४ मध्ये धरणांचं उद्‌घाटन झालं. पाणी कोणाला? दूरच्या बर्मिंगहॅम शहराला, शंभरावर किलोमीटर, पंप न लावता नुसत्या उतारावर. दरीतल्या शंभरएक माणसांना घरं सोडावी लागली. भरपाई जमीनमालकांना मिळाली, कुळांना नाही. आपल्यात ज्यांची माहेरं धरणाखाली गेली आहेत, त्यांना आणखी काय सांगायचं! आज तिथे लोक सायकलवर येतात, बांधावरून पडणारं पाणी बघतात. बघावंच, पण तळाशी कोणाची चूल होती हेही आठवावं.

पश्चिमेला समुद्राजवळ मौधाख नदीच्या खाडीकाठची वाट आम्हाला सगळ्यांत आवडली. डोल्गेथ्लाई ते बारमथ, साधारण १५ किलोमीटर, जवळजवळ सपाट. इथली रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली. एका बाजूला खाडी, भरती आली की पाणी अगदी वाटेपर्यंत, दुसऱ्या बाजूला डोंगर. शेवटी १८६७ चा लाकडी पूल, अर्ध्या किलोमीटरहून लांब, त्याच्यावरून आजही आगगाडी जाते आणि तिच्या शेजारून माणसं जातात.

सगळं असं सपाट नाही हं. मधले चढ चांगलेच दमवतात. पाऊस तर आपल्या कोकणासारखा, कधीही येतो. म्हणून तिकडचे लोक पिशवीतले कपडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करतात. फारच झालं तर उतरून सायकल हातात धरून चालतात. त्यात कमीपणा नाही. रस्त्यावर ठिकठिकाणी मोठ्या पांढऱ्या अक्षरात एक शब्द रंगवलेला असतो, आराव्ह. म्हणजे सावकाश. जोडीला तोच शब्द इंग्रजीत. आपली भाषा त्यांनी अशी रस्त्यावर जपली आहे. २०२३ पासून तिथे वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर गाड्यांचा वेग ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटरच्या आत ठेवायचा नियम झाला. पायी आणि सायकलवर जाणाऱ्याला त्याने धीर येतो.

आता बचत गटाच्या कामाची गोष्ट. सायकलवाला दिवसाला थोडंच अंतर कापतो. त्याला दर दोन तासांनी भूक लागते आणि रात्री टेकायला जागा लागते. गाडीवाला गावातून निघून जातो, सायकलवाला गावात थांबतो. त्यामुळे वाटेवरच्या शेतघरांत एखादी खोली आणि सकाळची न्याहारी देतात. चहाबरोबर वेल्श केक मिळतो. मैदा, लोणी, साखर, मनुका आणि अंडं घालून मळायचं, जाडसर लाटायचं, वाटीने गोल कापायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. भट्टी लागत नाही. आमच्या गटाने करून बघितला, पहिला घाणा करपला, दुसरा पोरांनी संपवला.

वाटेचा शेवट ऐका. १८२६ साली बांधलेल्या, साखळ्यांवर तोललेल्या मेनाय पुलावरून समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की अँगलसी बेट. तिथे थ्लानवायरपुथ्ल नावाचं गाव आहे. त्याचं पूर्ण नाव इतकं लांब की पाटीवर मावणं कठीण. त्या गावात १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ब्रिटनमधलं पहिलं ग्रामीण महिला मंडळ सुरू झालं. ती कल्पना कॅनडातल्या शेतकरी बायकांकडून आली होती. अन्नधान्य कसं पिकवायचं, टिकवायचं, यासाठी बायका एकत्र जमल्या. पुढे अशी मंडळं गावोगाव झाली. इतक्या लांबची वाट आपल्यासारख्याच बायकांच्या बैठकीपाशी पोचते, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

त्या दिवशी आम्ही बैठकीत विचारलं होतं, सायकल कोणाकोणाला येते? निम्म्याहून जास्त हात वर झाले. शेवटची कधी चालवली? लग्नाआधी, शाळेत जाताना. म्हणजे सायकल आली ती शाळेच्या कामासाठी, आणि काम संपलं तशी गेली. मग आम्ही सहाजणींनी ठरवलं. रविवारी पहाटे लेकींच्या सायकली घ्यायच्या आणि कालव्याच्या रस्त्याने शेजारच्या गावापर्यंत जाऊन यायचं. दळण नाही, बाजार नाही, दवाखाना नाही. पहिल्या रविवारी एकजण वेशीवरूनच परत फिरली, कारण पारावर सासरे बसले होते. आम्ही तिला काही बोललो नाही. दुसऱ्या रविवारी तीही आली, पदर खोचून, थोडी मागे राहून. पारावरून कोणीतरी विचारलं, "कुठं निघालात गं सकाळी सकाळी?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आणि तीच म्हणाली, "फिरायला."

मैत्रिणींनो, वेल्स लांब आहे. कालव्याचा रस्ता जवळ आहे. घरातल्या सायकलची हवा तपासा, ब्रेक बघा, साखळीला दोन थेंब तेल सोडा. आणि निघा, सावकाश.