मेणाचा पाय



आठवीत मधल्या सुट्टीत मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला येशूबद्दल पटवायला गेले. वादात जिंकले आणि वर्षभर एकटीने डबा खाल्ला.

बाई, 'स्मृतिचित्रे'तला धडा तुम्ही शिकवलात, पण त्यातला हिशेब मला चाळिशीत लागला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा. एवढा मोठा कवी, पण स्वतःच्या बायकोसाठी त्यालाही पाच वर्षं थांबावं लागलं!

तीन वर्षांपूर्वी त्याच मैत्रिणीच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. मैत्रीण परदेशात, मी वांद्र्यातच. ऑफिसचं काम घरूनच, म्हणून रोज डबा पोचवायचे. देवाधर्माचा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर आठवीची धास्ती होती. सप्टेंबरात काकूच म्हणाल्या, "माउंट मेरीच्या जत्रेत माझ्या नावाने मेणाचा पाय वाहशील? आणि तू तिथे काय मागतेस गं?"

मग सांगितलं, जमेल तसं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं. उद्या आमटीत मीठ कमी घाल."

मैत्रीण आज समोरच बसली आहे. आजचा डबा तिने आणलाय.