पाळणाघरातील मूल आणि घराचे कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



निवृत्त शिक्षकास व्यासपीठावर बोलाविले म्हणजे तो शिस्त, वाचन किंवा संस्कार ह्यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही आज निराळा विषय घेतला आहे. ज्या विषयावरून आपल्या अनेक घरांत सासू-सुनेची आणि नवरा-बायकोची मने कलुषित होत आहेत, परंतु जो चारचौघांत कोणी काढीत नाही, असा हा विषय आहे. पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलांची वारंवारची आजारपणे, हा तो विषय होय.

आपल्या ज्ञातीतील तरुण कुटुंबे आज ठाणे, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड अशा ठिकाणी दोन खोल्यांत राहतात. घराचे हप्ते एका पगारात भागत नाहीत, म्हणून दोघेही नोकरीस जातात. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. जन्मापूर्वी आईच्या रक्तातून बाळास जे रोगापासून संरक्षण मिळालेले असते, ते साधारण सहा महिन्यांच्या सुमारास ओसरते. आणि आईची रजाही त्याच सुमारास संपते. म्हणजे बाळाचे उसने कवच गळून पडते, नेमके तेव्हाच ते दहा-पंधरा मुलांच्या संगतीत जाते. मग पंधरा दिवसांत सर्दी, ती जाते न जाते तोच ताप, त्यामागून जुलाब, असे चक्र सुरू होते.

ह्या वेळी घरात काय बोलले जाते, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कोणी म्हणते, मूलच दुबळे. कोणी म्हणते, दृष्ट लागली. आणि शेवटी सर्व बोल एकाच ठिकाणी येऊन थांबतात: आईने नोकरी केली म्हणून हे झाले! आम्हांस आज ह्या शेवटच्या वाक्याविरुद्ध बोलावयाचे आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की, निरोगी लहान मुलास वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होणे हे स्वाभाविक मानले जाते, आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलास ते दहा-बारा वेळाही होते. सर्दी उत्पन्न करणारे विषाणू शेकड्यांनी आहेत. मुलाच्या शरीरास त्यांची ओळख एकेक करून होते. अमेरिकेतील टक्सन शहरातील मुलांचा जन्मापासून तेरा वर्षांपर्यंत अभ्यास करून २००२ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांस दुसऱ्या वर्षी सर्दी अधिक वेळा झाली. परंतु तीच मुले सहा ते अकरा ह्या वयात इतरांपेक्षा कमी वेळा सर्दीने आजारी पडली, आणि तेराव्या वर्षी फरक उरला नाही, असे त्यात आढळले. आम्ही पस्तीस वर्षे हजेरीपट भरले. पहिलीच्या वर्गात पावसाळ्यात गैरहजेरीच्या फुल्या दाट असत आणि चौथीत त्या विरळ होत. जे मूल घरी राहिले, त्याचे आजारपण बव्हंशी टळत नाही. ते पुढे ढकलले जाते.

अर्थात, स्वाभाविक म्हणून दुर्लक्ष करावे, असा ह्याचा अर्थ नव्हे. काही पथ्ये अवश्य पाळावीत. लसीकरण वेळच्या वेळी पुरे करावे. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून व न्यूमोकोकलची लस २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली असून आज त्या सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. इन्फ्लुएन्झाच्या लसीविषयी डॉक्टरांस विचारावे. मूल घरी येताच त्याचे आणि आपलेही हात साबणाने धुवावेत. जुलाब लागल्यास जलसंजीवनी द्यावी. पुडी एक लिटरची असेल, तर ती मोजून एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवावी. त्याबरोबर जस्ताच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस द्याव्यात आणि अंगावरचे दूध थांबवू नये.

आपल्या जुन्या चालींपैकी दोन मात्र सोडाव्या लागतील. एक वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये आणि सर्दी झाली म्हणून खोलीत धुरी करू नये. धुराने लहान छाती अधिकच भरून येते. तसेच दुकानातून खोकल्याचे औषध आणून पाजू नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशा औषधाने अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य संचालनालयाने, दोन वर्षांखालील मुलांस ही औषधे देऊ नयेत, असे बजाविले आहे. अँटिबायॉटिकही साध्या सर्दीवर चालत नाही; डॉक्टरांनी ते लिहून दिले नाही, तर दुसरा डॉक्टर शोधण्याचे कारण नाही.

थांबू नये अशी लक्षणे कोणती, तेही सांगतो. तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला. दोन महिने ते एक वर्ष ह्या वयात श्वास मिनिटास पन्नास किंवा त्याहून अधिक, अथवा एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा त्याहून अधिक झाला. श्वासागणिक छाती आत ओढली जाऊ लागली. मूल पिईनासे झाले, गळून गेले अथवा त्यास आकडी आली, तर रात्र-अपरात्र न पाहता डॉक्टर गाठावा. ताप वारंवार येऊन वजन वाढत नसेल, तरीही नीट तपासणी करवावी.

आता एक नाजूक गोष्ट. सकाळी तापाचे औषध पाजून मूल पाळणाघरात पोचते करावयाचे आणि कार्यालय गाठावयाचे, हा प्रकार चालतो. दुपारी औषधाचा जोर ओसरतो, ताप चढतो, आणि तोवर आणखी चार मुलांस प्रसाद मिळालेला असतो. साधी सर्दी असता मूल जाण्यास हरकत नाही. परंतु औषधाविना चोवीस तास ताप नसल्याखेरीज आणि जुलाब थांबल्याखेरीज मुलास पाठवू नये. मात्र त्या आईस दोष देण्यापूर्वी तिच्या किती रजा उरल्या आहेत, हे विचारावे. पाळणाघर चालविणारी बाईही माणूस आहे. मुलांबरोबर तीही आजारी पडते. तिच्या खाड्याचे पैसे कापणे आपणांस शोभत नाही.

येथे आमच्या घरचे उदाहरण देतो. आमची नात नवव्या महिन्यात पाळणाघरात गेली. आमच्या सौभाग्यवतींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या: पहिल्या वर्षी अकरा आजारपणे, दुसऱ्या वर्षी पाच. पहिल्या वर्षी दिवाळीपूर्वीच सूनबाईंच्या रजा संपल्या आणि त्यांनी राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला. आम्ही सर्व एकत्र बसलो. मुलाचा बाप हाही पालक आहे, हे प्रथम ठरले. आजारपणाचा पहिला दिवस त्याने घ्यावा, दुसरा तिने. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही दोघांनी गावाहून पोचावे. एक पिशवी नेहमी भरलेली राहू लागली. तो कागद कार्यालयात गेला नाही. सूनबाईंना पुढे बढती मिळाली, ह्याहून आम्हांस अधिक आनंद ह्याचा की, मुलीच्या तापाचा हिशेब त्यांच्या माथी बसला नाही.

ज्यांचे आजी-आजोबा दूर आहेत किंवा हयात नाहीत, त्यांनी काय करावे? येथेच ज्ञातिसंस्थेचे काम सुरू होते. आपण विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, वधू-वर मेळावे भरवितो; ही कामे चांगलीच आहेत. परंतु प्रत्येक उपनगरात आपले पाच-सहा निवृत्त सभासद तरी आहेत. ज्यांची प्रकृती धड आहे आणि स्वतःच्या लसी झालेल्या आहेत, त्यांनी आपली नावे नोंदवावीत. आई-बापांनी ओळख आधी करून द्यावी, म्हणजे मूल परके मानणार नाही. महिन्यातून दोन दिवस एखाद्या घरी ताप उतरलेल्या, अजून अशक्त असलेल्या मुलापाशी बसणे, एवढेच हे काम. मंडळाने ह्यासाठी एक वही घालावी आणि चिटणीसांनी ती सांभाळावी, अशी आमची सूचना आहे. त्या वहीत पहिले नाव आम्ही आमचे व आमच्या सौभाग्यवतींचे लिहून देत आहोत.

मूल आजारी पडणे आपल्या हातात नाही. ते आजारी असता घरातील एका स्त्रीने एकटीने झुरावे की सर्वांनी पाळी वाटून घ्यावी, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.