शेजारी पडला, सीमा उघडी झाली



७ ऑक्टोबर १९५० रोजी चीनच्या तथाकथित मुक्तिसेनेने द्रिचू नदी ओलांडून तिबेटवर आक्रमण केले. सुमारे ४० हजार चिनी सैनिकांसमोर तिबेटचे जेमतेम ८ हजार सैनिक होते. १९ ऑक्टोबरला छाम्दो पडले. तिबेटने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. सातासमुद्रापलीकडच्या चिमुकल्या एल साल्वादोरने तिचा पुरस्कार केला. शेजारच्या भारताच्या प्रतिनिधीने मात्र प्रश्न शांततेने सुटेल असे सांगितले आणि चर्चा लांबणीवर पडली. २३ मे १९५१ रोजी १७ कलमी करार तिबेटच्या माथी मारण्यात आला.

सरदार पटेलांनी हे संकट वेळीच ओळखले होते. ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात त्यांनी पंतप्रधान नेहरूंना बजावले, की शतकांनंतर प्रथमच भारताला एकाच वेळी दोन आघाड्यांवर संरक्षणाचा विचार करावा लागेल. १५ डिसेंबरला सरदार गेले. इशारा कागदावरच राहिला.

त्या वेळी भारताने ल्हासाला सैन्य धाडावयास हवे होते काय? नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आणि काश्मीरमध्ये गुंतलेल्या देशाला ते झेपणारे नव्हते. दोष तो नव्हे. दोष २९ एप्रिल १९५४ च्या करारात आहे. यातुंग आणि ग्यांत्से येथील भारतीय सैनिक तुकड्या, टपाल-तारसेवा, १२ विश्रामगृहे हे सारे भारताने सोडले. तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले. मोबदल्यात सीमानिश्चितीचे एक कलमही पदरात पाडून घेतले नाही. पंचशीलाची तत्त्वे तेवढी हाती आली.

पुढचा घटनाक्रम बोलका आहे. १९५७ मध्ये चीनने अक्साई चीनमधून रस्ता पूर्ण केला. मार्च १९५९ मध्ये ल्हासातील उठाव चिरडला गेला आणि ३१ मार्चला दलाई लामा भारतात आले. आठ वर्षांच्या मुदतीचा तो करार जून १९६२ मध्ये संपला. २० ऑक्टोबरला चिनी फौजा भारतावर चालून आल्या.

मायभूमीला पारखे झालेले तिबेटी आज धरमशाळेपासून गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावपर्यंत विखुरले आहेत. त्यांना आश्रय देऊन भारताने माणुसकीचा धर्म पाळला. परंतु आश्रय ही करुणा झाली, धोरण नव्हे. शेजाऱ्याचे स्वातंत्र्य गेले, तेव्हाच भारताच्या सीमेचा प्रश्न उभा राहिला होता. तो ओळखावयास बारा वर्षे लागली, आणि त्याची किंमत जवानांनी रक्ताने चुकविली.