लहान कुत्र्याचे पोट बिघडल्याची लक्षणे

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



माझा विषय पिकांचा. तरी आज वस्तीवरच्या कुत्र्याच्या पिल्लाविषयी बोलणार आहे. आमच्या घरचे तीन महिन्यांचे पिल्लू दिवसभर उलट्या करीत होते. गवत खाल्ले असेल, सकाळपर्यंत बरे होईल, असे समजून मी रात्र जाऊ दिली. सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच ते दगावले.

गाईने रवंथ थांबवला की आपण लगेच पशुवैद्यकांकडे धाव घेतो. कुत्र्याची तशी ठळक खूण आपल्याला ठाऊक नसते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एखादी उलटी होऊन पिल्लू पुन्हा खाऊ-खेळू लागले, तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु ते कोपऱ्यात बसते, लाळ गाळते, पोटाला हात लावू देत नाही किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरते, तेव्हा पोटात दुखत आहे असे समजावे.

पाणी कमी झाले का, ते पाहा

लहान पिल्लाच्या अंगातील पाणी उलटी-जुलाबाने लवकर कमी होते. त्याचा ओठ उचलून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी ओलसर व गुलाबी असते. ती कोरडी, चिकट किंवा फिकट दिसल्यास धोका समजावा. खांद्यावरील कातडी चिमटीत धरून सोडावी. ती सावकाश खाली बसली, तर पाणी कमी झाले आहे.

सकाळची वाट पाहू नये, अशी लक्षणे

१) पाजलेले पाणीही पोटात ठरत नाही.
२) रक्तमिश्रित, अतिशय दुर्गंधीयुक्त जुलाब होतात. लस न दिलेल्या पिल्लात हा बहुधा पार्व्हो रोग असतो.
३) पोट फुगून ताठ होते, उमाळे येतात, पण बाहेर काही पडत नाही.
४) उंदराचे औषध खाल्ल्याचा संशय आहे. शेतात वापरतो ते झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी मिसळून विषारी वायू तयार करते. अशा वेळी दूध-भाकरी चारू नये. अन्नाने आम्ल वाढते. उलटीचा वासही हुंगू नये. औषधाचे पाकीट दवाखान्यात सोबत न्यावे.

माणसांच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. त्या घातक ठरतात.

आधीच घ्यावयाची काळजी

पार्व्होची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात द्यावी. पुढे १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर ३ ते ४ आठवड्यांनी पुन्हा द्यावी. जंताचे औषध वजनानुसार, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाजावे. पार्व्होचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतात. म्हणून रोगाने पिल्लू दगावलेल्या जागी लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. उंदराच्या औषधाच्या गोळ्या बिळात आत ठेवून बिळे बुजवावीत.

पशुवैद्यकांचा फोन क्रमांक आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रात्री शोधत बसण्यास वेळ नसतो.