पार्सल कोण पाठवणार, आपण की कंपनी?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत विक्री समितीच्या वतीने केलेले भाषण)



मागच्या सभेत हा विषय अर्धवट राहिला, शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. म्हणून आज तो आधीच घेते.

आपल्या शेंगा चटणीला, कडक भाकरीला, उडदाच्या पापडांना आता पुण्या-मुंबईहून फोनवर ऑर्डरी येतात. माल चांगला आहे, पण तो पोचवण्यात आपण मार खातोय. दोन प्रस्ताव समोर आहेत. एक म्हणजे पार्सल पाठवायचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि पॅकिंग आपणच करायचं. दुसरा, भिवंडीजवळच्या एका कंपनीच्या गोदामात माल ठेवायचा आणि पॅकिंगपासून कुरिअरपर्यंत सगळं तिच्यावर सोपवायचं. हात वर तुम्हीच करायचे आहेत, म्हणून आधी नीट ऐका.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर चालणारी वही. गिऱ्हाईकाचा पत्ता, पिन कोड आणि खोक्याचं वजन-माप टाकलं की चार-पाच कुरिअरचे दर एकाखाली एक दिसतात. त्यातला निवडायचा, चिठ्ठी छापून खोक्याला चिकटवायची, कुरिअरचा माणूस येऊन घेऊन जातो. येतो म्हणजे, तो आपल्या पिन कोडला येत असला तर! आपण करून बघितलं. गावाचा पिन टाकला तर मोजकेच कुरिअर दिसतात, तालुक्याचा टाकला की यादी लांबते. म्हणजे माल संघाच्या तालुक्यातल्या खोलीवर न्यावाच लागेल.

आणखी एक. यात पैसे आधी भरून ठेवावे लागतात, मग त्यातून कुरिअरचा खर्च कापला जातो. संघाच्या खात्यातून दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. ऐन दिवाळीत शिल्लक संपली आणि कोषाध्यक्ष ताई माहेरी गेल्या असल्या, तर पार्सलं खोलीतच बसतील. ही सोय आधी करायला हवी.

आता वजनाचं. हे सगळ्यांनी लिहून घ्या, कारण दोन्ही प्रस्तावांना हे लागू आहे. कुरिअरवाला नुसतं काट्यावरचं वजन धरत नाही, खोक्याने गाडीत किती जागा अडवली तेही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायची. आलेला आकडा किलोत. तो आणि काट्यावरचं वजन, यांत जे जास्त त्याचं बिल. आपण दोन किलो पापड 40 बाय 30 बाय 20 च्या खोक्यात घालत होतो. गुणाकार 24,000, भागून 4.8 किलो. म्हणजे दोन किलो पापडांसाठी जवळजवळ पाच किलोचं भाडं! बाकीचं काय पाठवत होतो, तर हवा आणि रद्दी पेपर. तेच चार पुडे 28 बाय 28 बाय 10 मध्ये बसतात, आकडा 1.6 च्या आत येतो, मग काट्यावरचंच वजन धरलं जातं. चटणीचं उलटं आहे. बरणी लहान आणि जड, तिथे काटाच खरा. खोकं काट्यावर ठेवून, शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. कुरिअरने वजन जास्त लावलं तर तोच आपला पुरावा.

आता गोदामाचं बघू. कंपनीचा माणूस चांगला बोलला, चहाही घेतला. पण कागदातला दरमहा किमान आकार शेवटच्या पानावर होता, तो आपण विचारल्यावर कळला. समजा तो 10,000 रुपये आहे. महिन्याला 500 पार्सलं गेली तर एकामागे 20 रुपये पडतात, 100 च गेली तर 100 रुपये. आपली सध्या दिवसाला तीन-चार जातात. हिशोब तुम्हीच करा.

शिवाय शेंगदाणे आपण कर्ज काढून घेतो. चटणी गोदामात पडून राहिली तरी हप्ता थांबत नाही, आणि पाकिटावरची तारीख पण थांबत नाही. जुना माल आधी काढतात की नाही, हे आपण इथून कसं बघणार? गोदामाकडे स्वतःचा अन्न परवाना हवा. ज्या गटांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना ते गोदाम आपल्या नोंदणीत दाखवावं लागेल. आणि पॅकिंगची मजुरी? गुडघेदुखीमुळे शेतात न जाणाऱ्या आपल्या मावशा त्या खोलीत बसून चार पैसे कमावतात. ते काम भिवंडीला जाईल. कंपनीच्या कागदात याचा हिशोब नाही, आपल्या कागदात असला पाहिजे.

तरी गोदाम वाईट असं मी म्हणत नाही. मुंबईच्याच ऑर्डरी रोज ढिगाने यायला लागल्या, तर माल तिथे ठेवणं स्वस्त पडेल आणि लवकर पोचेल. आज तेवढ्या नाहीत, म्हणून माझं मत सॉफ्टवेअरला आहे. आणि त्याच्या जोडीला पोस्ट. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली बहुतेक खेड्यांत. कुरिअर जात नाही तिथे स्पीड पोस्ट जातं.

माल घरी पोचल्यावर पैसे, या प्रकाराला मात्र दोन्हीकडे औषध नाही. गिऱ्हाईकाने दार उघडलं नाही की पार्सल परत येतं, आणि आपल्यावर जाण्याबरोबर येण्याचाही खर्च बसतो. मागे कडक भाकरीचं एक खोकं असंच परत आलं, उघडलं तर नुसता चुरा. तो आम्ही आमटीत खाल्ला, पण गटाला त्याचे पैसे कोण देणार? पाठवायच्या आधी गिऱ्हाईकाला एक फोन करायचाच. नवीन माणूस असेल तर निम्मे पैसे आधी घ्या. मागायला लाजू नका.

पुढच्या सभेत मतदान आहे. प्रत्येक गटाने तीन महिन्यांचं पार्सलचं रजिस्टर आणावं. कुठे गेलं, वजन किती, भाडं किती, परत आलं का, एवढं त्यात हवं. नसेल तर पावत्या घेऊन या, लिपिक ताई भरून देतील. कंपनीचा करार त्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवू, शेवटच्या पानासकट. आणि सॉफ्टवेअर शिकायला दोन मुली हव्यात, एक आजारी पडली तर दुसरी. ज्यांच्या घरी बारावी झालेली सून किंवा लेक आहे, त्यांनी जाताना नाव लिहून द्या.