कूवमकाठचा कालवा



चेन्नईत चेपॉकजवळ कूवम नदीला एक कालवा मिळतो. त्याचे नाव बकिंगहॅम कालवा. पाणी काळे, साचलेले. आणि पात्रातच लोकलच्या उन्नत मार्गाचे खांब रोवलेले. येथून कधी शिडाच्या होड्या जात, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

उत्तरेस एन्नोरपर्यंतचा ११ मैलांचा कालवा १८०६ साली बेझिल कॉक्रेन यांच्या उद्योगाने झाला. परंतु कूवम आणि अड्यार या नद्यांमधील सुमारे ५ मैलांचा दुवा उरला होता. तो १८७७-७८ मध्ये खणला गेला, दुष्काळी काम म्हणून. ज्या दुष्काळाने आपल्या दख्खनला पोळले, त्यानेच मद्रास इलाख्यातील माणसांच्या हाती येथे कुदळ दिली. कालव्याला नाव मात्र गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे मिळाले.

वारा असला की शीड, नसला की वेळू किंवा काठावरून ओढायचा दोर; अशा रीतीने मीठ, सरपण आणि धान्य शहरात येई. भरती-ओहोटीचे पाणी दारे मिटून आवरीत. पुढे रेल्वे आणि सडकांनी माल ओढून नेला, वादळांनी काठ फोडले, शहराने सांडपाणी सोडले. २००८ साली हा कालवा राष्ट्रीय जलमार्गात समाविष्ट झाला. पण घोषणेने गाळ निघत नाही.

उपाशी माणसांनी खणलेले हे पाणी पुन्हा वाहते करणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.