ठिकाण सांगणारे घड्याळ



‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा’ या प्रश्नात दडलेले असते, हे दर्यावर्दी लोकांना फार पूर्वी उमगले होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून मूळ बंदराची वेळ अचूक दाखविणारे घड्याळ जवळ असले, की स्थानिक वेळेशी तुलना करून रेखांश काढता येई. जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराने अठराव्या शतकात असे घड्याळ सिद्ध केले. आजचे दिशादर्शक उपग्रह याच विचाराचे वारसदार होत.

अमेरिकेच्या ‘जीपीएस’ व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. १९९५ मध्ये ती पूर्णत्वास गेली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह आपले स्थान व वेळ अखंड सांगत असतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की अंतर मिळते. वास्तविक तीन अंतरे पुरावीत. परंतु हातातील यंत्राचे घड्याळ साधे असते. त्याची चूक हे चौथे अज्ञात, म्हणून चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक म्हणजे ३०० मीटरांचा फरक! म्हणूनच उपग्रहांत आण्विक घड्याळे बसवितात. सापेक्षतावादानुसार तीही पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले. २६९ जीव गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही लष्करी व्यवस्था नागरी उपयोगासही खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संदेशातील अचूकता मे २००० पर्यंत हेतुपुरस्सर कमी ठेवली जात होती. देणाऱ्याचा हात केव्हाही आखडू शकतो, हा त्यातील बोध.

भारताने २०१३ ते २०१६ या काळात ‘नाविक’ व्यवस्थेचे उपग्रह सोडले. पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे निकामी झाली. उपग्रह आकाशात होता. पण वेळ चुकली, तेथे ठिकाण सांगणार कोण? मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात स्वदेशी आण्विक घड्याळ बसविले गेले, याचे महत्त्व येथे कळते.

लग्नघटिका साधण्यासाठी पाण्यावरील घटिकापात्रावर डोळा ठेवून बसणाऱ्या समाजाला, घटिका आपल्याच अंगणात मोजलेली असावी, हे निराळे सांगावयास नको.